भिंतीवरची काच

इंजिनियर मॅडम आमच्या स्वयंपाकघरातल्या भेगेवर काचेची पट्टी बसवत होत्या, तेव्हा मी दोन गोष्टी ठरवल्या होत्या. एक, त्यांना चहा द्यायचा. दुसरी, तोंड बंद ठेवायचं. त्यातलं चहाचं तेवढं जमलं.

पट्टी बोटाएवढी लांब आणि फार पातळ. दोन्ही टोकांना प्लास्टरचे छोटे गोळे, आणि खालून तिरकी उतरत गेलेली ती भेग. मॅडमनी ओल्या गोळ्यावर खिळ्याने तारीख कोरली.

"भिंत जागच्या जागी असेल तर या काचेला काही होणार नाही," त्या म्हणाल्या. "म्हणजे भेग जुनीच आहे, निवांत आहे. मग डागडुजी करता येईल. पण भिंत केसभर जरी सरकली तरी काच तुटणार. तशी तुटली तर डागडुजीचा विषय संपला. आधी सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि मग इमारत पाडायची. हिला हात लावू नका. पुसायचीसुद्धा नाही. भेग असलेल्या प्रत्येक घरात अशी बसवलीय, दोन महिन्यांनी येऊन सगळ्या तपासते."

"म्हणजे आम्ही कुठे राहायचं ते ही एवढीशी काच ठरवणार," मी म्हणाले. "आणि चुकून माझ्याच हातून बत्ता लागला तर?"

मॅडम हसल्या. बाबा हसले नाहीत.

बाबा म्हणजे माझे सासरे. हयात गिलावा करण्यात गेली त्यांची. ही इमारत बांधली तेव्हा आतल्या सगळ्या भिंतींवर पहिला हात त्यांनीच फिरवला, आणि पुढे पोटाला चिमटा काढून तिच्यातलंच सगळ्यात वरच्या मजल्यावरचं घर घेतलं. इमारतीत त्यांना सगळे ओळंबा म्हणतात. भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात ना, तो ओळंबा. तो कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही, कधी खोटं सांगत नाही. बाबाही सांगत नाहीत, असं अख्खी इमारत धरून चालली होती, आणि मीही.

इमारतीत सरळ दोन तट पडले होते. आमच्या समोरच्या दारातले काका पाडायच्या बाजूचे. त्यांच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारायला गेलं तरी गाडी शेवटी लिफ्टवर येऊन थांबायची, म्हणून मी त्यांचं नाव लिफ्टकाका ठेवलं होतं. आमच्या बरोबर खाली शिवणकाम करणारी ताई राहते. ती एकटी, मशीन हेच तिचं घरदार. तिचं मशीन नेमकं त्याच भिंतीला लागून आहे आणि गिऱ्हाईक सगळं याच गल्लीतलं. दुसरीकडे राहायला गेलं की दोन वर्षांत तिला कोण ओळखणार? ती डागडुजीच्या बाजूची, आणि बाबा तर तिचे पुढारीच.

मी पाडायच्या बाजूची. त्यात लपवायचं काय? मोरी गळते, खिडकी लागत नाही, गॅसची टाकी जिन्यावरून चढवताना माणसाच्या तोंडून निघणारे शब्द ऐकवत नाहीत. मला नवी इमारत हवी होती. ओट्यासमोर खिडकी असलेलं स्वयंपाकघर हवं होतं. एवढं मागणं म्हणजे पाप नव्हे.

"पाडायला आठवडा पुरतो, सूनबाई," बाबा म्हणायचे. "बांधायला माझं उरलेलं आयुष्य लागेल. तुम्ही याल परत. मी येणार नाही."

हे ऐकलं की मी आणखी चिडायचे. नवऱ्याला विचारावं तर तो कारखान्यातून पाळी करून आलेला. "दोन्हीकडून बडवायला मी काय ढोल आहे का?" म्हणायचा आणि ताट घेऊन बाहेरच्या खोलीत जायचा.

मॅडमची मुदत संपत आली असताना एकदा दिवसभर पाणीच आलं नाही. गच्चीवरच्या टाक्या खडखडीत झाल्या. त्यातली मोठी टाकी आमच्या स्वयंपाकघराच्या अगदी डोक्यावर आहे. जुनी पुरत नाही म्हणून मागच्या वर्षी सगळ्यांनी हट्टाने बसवून घेतलेली. त्या दिवशी जेवताना बाबांचं आणि माझं चांगलंच जुंपलं. ते म्हणाले, या भिंतींना अजून काही होत नाही. मी म्हणाले, "तुमच्या भिंतींचं कौतुक पुरे झालं. उद्या उठून बत्ता घालते त्या काचेवर, म्हणजे एकदाचा निकाल लागेल!"

बोलायची म्हणून बोलले, तेही खाली ताईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. माझी जीभ लांब आहे, हात नाहीत. पण बाबा ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंपाच्या आवाजाने मला जाग आली. पाणी आलं होतं. मी आधी एकदा पाणी प्यायला उठून परत आडवी झाले होते, त्यामुळे उशीरच झाला. बाहेर आले तर स्वयंपाकघराचं दार लोटलेलं. आतून बाबा म्हणाले, "थांब, आत येऊ नकोस. कप फुटलाय. काच टोचेल पायाला."

माझ्या घरात कप फुटणं ही काही बातमी नाही. मी आंघोळीला गेले.

त्या दिवसापासून बाबा बदलले. भांडेनात. मी मुद्दाम खोडी काढली तरी "बरं" म्हणायचे. मात्र स्टूल घेऊन स्वयंपाकघरात बसायला लागले. मी भांडी घासली की बघायचे, फडकं उचललं की बघायचे, बत्ता तर उचलून त्यांनी माळ्यावरच टाकला. "कोपरात दुखतं तुझ्या," म्हणाले. माझ्या कोपरात काही दुखत नव्हतं. म्हातारा माझ्यावर पहारा करतोय हे मला कळत होतं, आणि संतापही येत होता. पण काचेकडे बघावं तर ती आपली सुखरूप, म्हणून मी गप्प राहिले.

मुदत संपल्यावर मॅडम आल्या. घराघरांतल्या काचा तपासत शेवटी आमच्याकडे. मागे ताई, लिफ्टकाका, निम्मी इमारत. मॅडमनी टॉर्च लावून काच पाहिली, कोरलेली तारीख पाहिली आणि मान हलवली.

"सगळ्या शाबूत आहेत. ही भेग मोठी होती, मला हिचीच काळजी होती. पण भिंत शांत आहे. उद्या सकाळी लेखी देते, डागडुजीला हरकत नाही."

ताईने बाबांच्या पायाला हात लावायचं तेवढं बाकी ठेवलं. लिफ्टकाका पाय आपटत आपल्या घरात गेले. मीही हरलेच होते, पण ताईचा चेहरा बघून मला वाईट वाटेना. म्हटलं, चला, निदान रोजची कटकट मिटली. बाबा मात्र कुणाकडेच बघत नव्हते. जिंकलेला माणूस असा दिसतो का, हे तेव्हाच मनात यायला हवं होतं.

सगळे गेल्यावर मी ओटा आवरायला घेतला. माझ्या स्वयंपाकघरात धूर आणि वाफ जायला जागाच नाही. दिव्याच्या बटणांवर, घड्याळावर, डब्यांच्या झाकणांवर चिकट पिवळट थर बसतो, आणि दर काही दिवसांनी मी तो खरवडत असते. त्या काचेवरही बसला होता. तिला पुसायला माझे हात शिवशिवायचे आणि मॅडमचा शब्द आठवून मी थांबायचे. आता बघते तर शेजारचं बटण तेलकट आणि काच लख्ख.

मी बोट टेकवलं. काचेवर बोट कुईं करून घसरलं.

"बाबा, काच कुणी पुसली?"

बाहेरच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग ते दारात येऊन उभे राहिले. "मीच. जरा फडकं मारलं."

"हात लावायचा नाही असं ठरलं असताना?"

त्यांचे कान लाल झाले. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं हे असं होतं. मी फडताळ उघडलं. कपांचा निळा संच सगळाच्या सगळा तिथे होता.

"त्या दिवशी कप फुटला नव्हता," मी म्हणाले.

बाबा दार लोटून आत आले आणि हळू आवाजात म्हणाले, "पोरी, झालं गेलं विसरू या. तू रागाच्या भरात केलंस. मी काही बोललो का? तुझ्या नवऱ्यालाही सांगितलं नाही. दुसरी काच कापली, तसाच गोळा केला, तशीच तारीख कोरली. झाकली मूठ सव्वा लाखाची. आता तूही बोलू नकोस."

मला क्षणभर काही समजेचना. मग समजलं, आणि पायापासून डोक्यापर्यंत आग झाली.

"मी फोडली? मी?"

"तू म्हणाली होतीस. पहाटे उठलीही होतीस. मी पावलं ऐकली."

"पाणी प्यायला उठले होते! बाबा, मी हात लावला नाही त्या काचेला. कुणाचीही शपथ घेते."

"शपथा नको घेऊस."

"मग काय करू? मी नाही फोडली." आणि हे बोलतानाच पुढचं वाक्य माझ्या तोंडात आलं आणि तिथेच अडकलं. मी नाही फोडली. बाबा तर फोडणार नाहीत. नवरा कामावर होता. मग?

मी भिंतीकडे पाहिलं. बाबांनीही पाहिलं.

"तुकडे कुठे आहेत?" मी विचारलं.

त्यांनी ते टाकले नव्हते. थापी, पत्रा, रंधा अशी गिलाव्याची हत्यारं असलेल्या त्यांच्या जुन्या पिशवीतून एक पुरचुंडी काढून त्यांनी ओट्यावर ठेवली. आत दोनच तुकडे होते. जोडून ठेवले तर मधोमध, भेग जिथून जाते तिथूनच, एक सरळ रेघ.

"बत्ता बसला असता तर भुगा झाला असता, बाबा. हे मला कळतं, आणि तुम्हाला कळलं नाही?"

ते स्टुलावर बसले. दोन्ही तुकड्यांच्या कडा बोटाने चाचपल्या.

"कळलं होतं," ते म्हणाले. "उचलले तेव्हाच."

"मग?"

"तू फोडलीस असं धरलं, की घर वाचत होतं."

इतक्या वर्षांत मी त्या माणसावर पुष्कळदा रागावले आहे. पण त्या वेळी जे झालं त्याला राग म्हणता येणार नाही. सून वाईट निघालेली त्यांना चालणार होती, भिंत वाईट निघालेली चालणार नव्हती. मला रडू फुटलं, आणि त्यांच्यासमोर रडावं लागलं याची लाजही वाटली.

तेवढ्यात खाली मशीन सुरू झालं. ताई कामाला बसली होती, भिंतीला पाठ लावून.

मी डोळे पुसले आणि मॅडमना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. मग चपला न घालताच खाली गेले. ताईला म्हणाले, मशीन जरा पलीकडे ओढून घे, मी हात लावते.

"का हो वहिनी? आता तर भिंत पास झाली की!" ती हसून म्हणाली. "की अजून तुमचं पाडायचंच चाललंय?"

खरं सांगून टाकावं असं वाटलं. पण ऐकलं कुणी असतं? ज्या बाईने बत्ता घालायची भाषा केली, तीच म्हणतेय भिंत हलते. आणि बाबांनी नाही म्हटलं असतं, तर ओळंब्यापुढे माझ्या शब्दाची किंमत काय? मी तशीच वर आले.

बाबांनी तोवर पत्र्यावर प्लास्टर कालवलं होतं. पुढ्यात काचेची तिसरी पट्टी.

"तुझं कुणी ऐकणार नाही," ते म्हणाले. मी जिन्यात मनाशी जे बोलत आले होते तेच. "माझं ऐकतील. पण मला माझ्या डोळ्यांनी बघू दे. ही टिकली तर तू कायमचं गप्प बसायचं. तुटली तर मी स्वतः खाली उतरून सगळ्यांना सांगेन. माझ्यासकट सगळं."

"आणि तोवर ताई खाली बसणार?"

त्यांनी मान खाली घातली आणि हात चालू ठेवले. जुनी पट्टी काढून नवी बसवताना त्यांचं बोट एकदाही कापलं नाही, हात एकदाही हलला नाही. मला वाटलं होतं हलेल.

दुपार गेली. त्या दिवशीही सकाळपासून पाणी नव्हतं, टाकीत खडखडाट होता. मी काही शिजवलं नाही. आम्ही दोघं टेबलापाशी समोरासमोर बसलो. मी काचेकडे बघत होते आणि अधूनमधून बाबांकडे, कारण आता मीही त्यांच्यावर पहारा करत होते. भरवसा एकदा उडाला की दोन्हीकडून उडतो.

नवरा कामावरून आला. आम्हाला असं बसलेलं पाहून म्हणाला, "काय, पत्ते संपले का?" कुणी हसलं नाही. मी त्याला दोन वाक्यांत सांगितलं. त्याने बापाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, काचेकडे पाहिलं. "मी ताईला बाहेर काढतो," म्हणाला. ढोलाला पहिल्यांदाच कंठ फुटला होता.

"काय सांगून काढशील?"

"काहीही सांगेन. उसवलेला शर्ट घेऊन गच्चीवर चल म्हणेन."

"गच्चीवर नको," बाबा एकदम म्हणाले. "रस्त्यावर ने."

म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. मनातून त्यांना सगळंच ठाऊक होतं.

नवरा गेला, आणि समोरून लिफ्टकाका जिन्यात ओरडले, "पाणी आलं हो!" लगेच पंप सुरू झाला. इमारतभर तो घोगरा आवाज रोज असतो, कुणाचं लक्षही नसतं. त्या दिवशी तो माझ्या दातांत घुमला.

"हात टेबलावर ठेव," बाबा म्हणाले.

"तुमचेही ठेवा."

आम्ही चारही हात टेबलावर पालथे ठेवले. डोक्यावर टाकीत आधी पाण्याची धार आपटल्याचा आवाज, मग तळ भरल्यावर जाड, दबका आवाज. मला त्या दिवशीची सकाळ आठवली. रिकामी टाकी, पंप, बाबांचं लोटलेलं दार. बाबांनाही आठवली असावी, कारण त्यांनी माझे दोन्ही हात उचलले आणि आपल्या हातांत घेतले. आधी वाटलं, अजून विश्वास नाही, म्हणून धरलेत. मग लक्षात आलं, त्यांचे हात थरथरत होते. काच बसवताना न हललेले हात.

खाली मशीन थांबलं. जिन्यात ताईचा आणि नवऱ्याचा आवाज, हुज्जत घालत खाली खाली जाणारा. मी देवाचं नाव घेतलं. काय मागावं ते मात्र सुचेना. काच फुटू दे म्हणावं तर ह्या माणसाचं घर जातं. न फुटू दे म्हणावं तर जन्मभर मी खोटी, आणि उद्यापासून ताई पुन्हा त्या भिंतीखाली.

गच्चीवरच्या नळीतून पाणी ओसंडल्याचा आवाज आला. टाकी भरली.

टिक.

एवढाच आवाज. कपात चमचा टेकवावा एवढा. पट्टीच्या मधोमध एक सरळ रेघ उमटली आणि खालचा तुकडा किंचित खाली सरकून थांबला. कुणी काही केलं नव्हतं. कुणी जागचं हललंही नव्हतं.

बाबांनी माझे हात सोडले नाहीत. "सूनबाई, चल," ते म्हणाले. मग उठले, गॅस बंद केला, चष्मा तिथेच विसरून बाहेर पडले आणि जिन्यातलं पंपाचं बटण बंद केलं. प्रत्येक दारावर मुठीने आपटत, "बाहेर पडा, सामान घेऊ नका, बाहेर पडा" असं ओरडत ते जिना उतरले. ओळंब्याचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता, म्हणून कुणी का म्हणून विचारलं नाही. लिफ्टकाका हातात साबण घेऊनच उतरले.

रस्त्यापलीकडे आम्ही सगळे उभे राहिलो. इमारत होती तशीच उभी, संध्याकाळच्या उन्हात धडधाकट दिसत होती. तिच्याकडे बघून मला स्वतःचीच शंका आली.

ताई माझ्याजवळ आली. गळ्यात मोजपट्टी, हातात नवऱ्याने दिलेला तो शर्ट.

"काच फुटली म्हणतात," ती म्हणाली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, "शेवटी फोडलीतच ना तुम्ही, वहिनी?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. लिफ्टकाकांच्यासुद्धा. मी तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून शब्द निघाला नाही.

बाबा पुढे झाले. चष्म्याविना त्यांना ताई नीट दिसतही नसावी.

"आधीची फुटली होती, ती मी लपवली," ते म्हणाले. "मॅडमना दाखवली ती खोटी होती. माझ्या हातची. तुला इतके दिवस त्या भिंतीखाली मी बसवलं, हिने नाही."

ताई त्यांच्याकडे बघतच राहिली. "आणि आत्ताची?"

"आत्ताची फुटली तेव्हा," बाबा म्हणाले, "हिचे दोन्ही हात माझ्या हातांत होते."